पाण्यातला बाण

कळंबोली म्हटले की लोखंडाचा बाजार आणि हमरस्ता डोळ्यांपुढे येतो. पण तिच्या अंगावरून जाणारी कसाडी नदी पनवेलच्या खाडीला मिळते. मुंबईच्या बंदराला लागलेल्या अशा खाड्यांत, भरतीबरोबर, पाणी नेईल तिकडे जाणारे असंख्य बारीक जीव येतात. त्यांना प्लवक म्हणतात. त्यांतच काचेच्या काडीसारखा, नखाएवढा बाणकृमी असतो.

१७७५ च्या सुमारास मार्टिनस स्लाबर या डच निसर्गसंशोधकाने त्याला ‘सॅजिटा’, म्हणजे लॅटिनमध्ये बाण, हे नाव देऊन कृमींत घातले. नाव टिकले, गोत्र काही टिकले नाही. १८४४ साली चार्ल्स डार्विनने त्याच्यावर लेख लिहिला. शरीर इतके साधे, संख्या इतकी अफाट, आणि नाते मात्र कोणाशी जुळत नाही, याचे त्यालाही नवल वाटले. पुढे कोणी त्याला गोगलगाईच्या वर्गात बसवले, कोणी सूत्रकृमींजवळ. २०१९ मध्ये जनुकांच्या तुलनेवरून तो रोटिफरांच्या गोतावळ्यातला ठरला. हे रोटिफर आपल्या गावतळ्यातही असतात!

तोंडाजवळच्या आकड्यांनी तो कोपेपॉड नावाचे कणीएवढे कवचधारी जीव पकडतो, आणि स्वतः माशांच्या पोटात जातो. मधली पायरीच म्हणा ना. १९३० च्या सुमारास इंग्लंडातल्या प्लिमथजवळ त्याची एक जात नाहीशी होऊन दुसरी आली. त्याच काळात तिथली हेरिंगची मासेमारी बसली. बाणकृमीने मासे पळवले असे नव्हे. पाणीच पालटले होते. फ्रेडरिक रसेल या संशोधकाने ते या प्राण्यावरून ओळखले.

आपल्याकडे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत, १९६५ पर्यंत, गोळा झालेले प्लवक कोचीनला निवडले गेले. १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोनापावलाला आहे. या संस्थेतल्या विजयालक्ष्मी नायर यांनी बाणकृमींचा बारकाईने अभ्यास केला.

पावसाळ्यात गोडे पाणी उतरले की खाडीच्या वरच्या अंगाला बाणकृमी विरळ होतात. पुढे खारेपणा चढला की भरतीबरोबर परततात. तळोज्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविषयी इथले कोळी तक्रार करत आले आहेत. त्यांच्या डोल जाळ्यात मासळी का घटली हे विचारायचे, तर माशांचे खाणे पाण्यात किती उरले तेही मोजायला हवे.

शिक्षकांनी मलमलीतून भरतीचे पाणी गाळावे, गाळ पेल्यात घ्यावा, मागे काळा कागद धरावा. बाणकृमी बराच वेळ निश्चल राहतो, आणि एकाएकी उसळी घेतो. तेवढ्यात तो दिसतो.