पचनविकार : निसर्गोपचार

बद्धकोष्ठ, आम्लपित्त, अपचन, पोटफुगी अशा तक्रारींवर औषधाऐवजी आहार, उपवास, पाणी, माती, व्यायाम व विश्रांती यांनी इलाज करण्याची पद्धत. जर्मनीच्या लुई कूनेने सर्व रोगांचे मूळ एकच मानले : शरीरात साठलेला मल. त्याचे कटिस्नान आणि आडोल्फ युस्टची मातीची पट्टी गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत स्वीकारली; बद्धकोष्ठावर ही पट्टी त्यांनी स्वतःवर वापरली. बारीक चाळलेली माती गार पाण्यात कालवून फडक्यात पसरायची व ओटीपोटावर बांधायची, एवढीच ती कृती. पुण्यात डॉ. दिनशा मेहता हे उपचार करीत. १९४६ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने उरुळी कांचनला आश्रम उभा राहिला. मणिभाई देसाईंनी तो वाढवला आणि विनोबांचे बंधू, गागोद्याच्या भावे घराण्यातले बाळकोबा, तेथेच राहिले.

या पद्धतीचे निदान कच्चे आहे, पथ्य मात्र पक्के आहे. एकाच मुळाचा सिद्धांत टिकत नाही. जठरव्रणामागे बहुधा एक जिवाणू असतो, हे वॉरन व मार्शल यांनी १९८०च्या दशकात दाखवले आणि त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. तेथे उपवास नव्हे, प्रतिजैविकेच लागतात. परंतु बहुतेकांचे पोट बिघडते ते जिवाणूने नव्हे, दिनक्रमाने. रायगड जिल्ह्यातल्या रसायनी-मोहोपाड्याच्या कारखान्यांत पाळी बदलली की जेवण, झोप आणि शौचाची वेळही बदलते. पाळीच्या कामगारांत पोटाच्या तक्रारी जास्त आढळतात, ही गोष्ट जगभर नोंदलेली आहे. अशा माणसाला ठरलेल्या वेळी जेव, सावकाश चाव, रात्री हलके खा, असे सांगणारा वैद्य चुकत नाही. खालापूर-कर्जतच्या डोंगरपट्ट्यात तर पथ्य दारात आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, तर सडीक तांदळात जेमतेम ३. पावसाळ्यात ठाकूर-कातकरी बाया टाकळा, कुर्डू विकायला आणतात, ती भाजीही त्याच कामाची. तंतू मात्र सर्वांना सारखे मानवत नाहीत : आतडे संवेदनशील असेल तर कोंड्याने पोट फुगते, इसबगोल बरे पडते.

पथ्यच गुणकारी असेल, तर वेगळी पद्धत हवी कशाला, असा आक्षेप येतो. तो निम्मा खरा आहे. पथ्य सर्वांना ठाऊक असते, पाळले जात नाही. आश्रमातल्या मुक्कामात चहा, तळण आणि जागरण आपोआप सुटते. गुण मातीपेक्षा त्या शिस्तीचा असावा. म्हणून ‘बरे वाटले, म्हणजे मल निघाला’ हा युक्तिवाद फसवा ठरतो. रोजच्या एनिमाचेही तसेच : तो सवय लावतो, आतडे सुधारत नाही. मधुमेही, गरोदर किंवा अशक्त माणसाने लांब उपवास करणे तर धोक्याचे. निसर्गोपचाराच्या मर्यादेचा सर्वांत ठळक दाखला खुद्द गांधीजींचाच. १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. मधेच वीज गेली आणि काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. शौचातून रक्त, काळे शौच, कारणाविना घटणारे वजन, गिळताना अडचण किंवा पोटात उजवीकडे खाली वाढत जाणारी कळ, यांपैकी काही दिसल्यास मातीची पट्टी बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.