विश्लेषणात्मक निबंध (व्यवस्थापन प्रवेश परीक्षा)

व्यवस्थापन अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी ठरावीक वेळेत लिहावयाचा, दिलेला युक्तिवाद तपासणारा निबंध. जीमॅट परीक्षेत तो १९९४ पासून होता. २०२४ च्या प्रारंभी जुने स्वरूप बंद झाल्यावर वगळला गेला. भारतात कॅटनंतर अहमदाबादचे आयआयएम अशी लेखी चाचणी घेते.

तयारीत उताऱ्यातील दावा, पुरावा व गृहीतक वेगळे काढण्याचा सराव करतात. उदा., ‘जाहिरातीनंतर कापूस-बियाण्यांची विक्री वाढली, म्हणजे जाहिरात यशस्वी’ या विधानात चांगल्या पावसाचा विचारच नाही. अर्ध्या तासातील पहिली पाच मिनिटे आराखड्याला, शेवटची तीन फेरवाचनाला द्यावीत. अशा निबंधात स्वतःच्या मतापेक्षा युक्तिवादातील उणीव दाखविणे महत्त्वाचे असते.