कार्डिनिया पार्क : पाट्या बदलणारं मैदान

२००८ च्या जानेवारीत नोकरीनिमित्त जिलाँगला आलो, तेव्हा पहिली चूक केली ती गावाच्या नावात. मी आपला पहिल्या अक्षरावर जोर देऊन ‘जीलाँग’ म्हणायचो. इथली माणसं ‘जि’ जवळजवळ गिळून टाकतात आणि सगळा भार ‘लाँग’वर टाकतात. दुसरी चूक केली ती मैदानाच्या नावात. मुराबूल स्ट्रीटवरून जाताना एक भलंमोठं स्टेडियम लागायचं. त्यावर पाटी होती ‘स्किल्ड स्टेडियम’. आमच्या शेजाऱ्यांना मी सहज विचारलं, "हे स्किल्ड स्टेडियम किती जुनं आहे हो?"

ते झाडांना पाणी घालत होते. नळी बाजूला ठेवून म्हणाले, "ते कार्डिनिया पार्क. पाटीकडे लक्ष देऊ नकोस, ती बदलत असते."

हे शेजारी फोर्डच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. सोळाव्या वर्षी कामाला लागले ते थेट म्हातारपणी बाहेर पडले. पुढच्या सोळा-सतरा वर्षांत पाटी खरंच आणखी दोनदा बदलली, आणि त्या पाट्या वाचता वाचता मला या गावाचा इतिहास कळत गेला. तोच आज सांगतो.

आधी थोडा भूगोल. जिलाँग हे मेलबर्नपासून साधारण ७५ किलोमीटरवरचं बंदर. रेल्वेने तासाभराचा रस्ता. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे २ लाख ७१ हजार. म्हणजे आपल्याकडच्या हिशोबाने तालुक्याच्या गावापेक्षा मोठं, पण शहर म्हणावं तर लहान. पूर्वी इथून लोकर जहाजात भरून इंग्लंडला जायची. आपण ज्याला क्रिकेटचा देश समजतो, त्या देशाच्या या कोपऱ्यात खरा धर्म आहे तो ऑस्ट्रेलियन फुटबॉल. अंडाकृती चेंडू, अंडाकृती मैदान, एका बाजूला अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. म्हणजे नेम चुकला तरी थोडं बक्षीस मिळतं. जिलाँगचा क्लब १८५९ चा, जगातल्या सर्वांत जुन्या फुटबॉल क्लबांपैकी एक. टोपणनाव ‘कॅट्स’, म्हणजे मांजरं.

कार्डिनिया पार्कची जमीन ही मुळात वादावरुंग लोकांची. ‘कार्डिनिया’ हे नावही त्यांच्याच भाषेतून आलं आणि त्याचा अर्थ सूर्योदय, असं मानतात. १८७० च्या दशकात हा सखल पट्टा सार्वजनिक बाग म्हणून राखून ठेवला गेला. पण फुटबॉल क्लबचं घर तेव्हा इथे नव्हतं. क्लब गावाच्या दुसऱ्या बाजूला, कोरिओ ओव्हलवर खेळायचा. दुसरं महायुद्ध सुरू झालं, लष्कराने कोरिओ ओव्हल ताब्यात घेतलं आणि १९४१ मध्ये क्लब आपलं बाडबिस्तर घेऊन कार्डिनिया पार्कला आला. आला तोही तात्पुरता म्हणून. त्यानंतर १९४२ आणि १९४३ ची दोन वर्षं तर प्रवासावरच्या युद्धकालीन बंधनांमुळे जिलाँगला स्पर्धेतच उतरता आलं नाही. १९४४ मध्ये पुन्हा खेळ सुरू झाला तो इथेच, आणि ‘तात्पुरतं’ ते कायमचं झालं. परदेशात ‘दोन वर्षांसाठी’ आलेल्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट लगेच समजते!

मग आले सोन्याचे दिवस. प्रशिक्षक रेग हिकी यांच्या हाताखाली संघाने १९५१ आणि १९५२ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली. १९५२-५३ मध्ये सलग २३ सामने जिंकले, तो विक्रम आजतागायत कुणी मोडलेला नाही. ऑगस्ट १९५२ मध्ये कार्लटनविरुद्धच्या सामन्याला इथे ४९,१०९ प्रेक्षक होते. मैदानावरचा हा गर्दीचा उच्चांक आजही कायम आहे, आणि राहीलच, कारण आता खुर्च्या बसवल्यामुळे एवढी माणसं आत मावतच नाहीत. आमचे शेजारी तेव्हा सहा वर्षांचे होते. वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी तो सामना पाहिला. "सामना आठवत नाही, टोप्या आठवतात," असं ते म्हणतात. "खाली नुसत्या टोप्याच टोप्या."

आता पाट्यांकडे येतो. खरं तर पाटी लागण्याच्या कितीतरी आधीपासून या क्लबच्या मागे एक कंपनी उभी होती, ती म्हणजे फोर्ड. १९२५ साली फोर्डने जिलाँगमध्ये लोकरीच्या एका जुन्या गोदामात मॉडेल टी गाड्या जोडायला सुरुवात केली. त्याच वर्षी क्लबला पाठिंबा दिला आणि योगायोग असा की त्याच वर्षी क्लबने आपलं पहिलं मोठं विजेतेपदही जिंकलं. हे नातं २०२५ मध्ये शंभर वर्षांचं झालं. खेळाच्या जगात इतकं लांबलेलं प्रायोजकत्व क्वचितच सापडेल.

मैदानाचं नाव विकायची पद्धत मात्र नव्वदचं दशक संपताना आली. पहिली मोठी पाटी ‘शेल’ची. ते साहजिकच होतं, कारण १९५४ पासून शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना गावाच्या उत्तरेला धूर सोडत होता. थोडे दिवस ‘बेटेक’ येऊन गेलं. मग ‘स्किल्ड’, म्हणजे कारखान्यांना कामगार पुरवणारी कंपनी. मी आलो तेव्हाची पाटी ती. २०१२ पासून ‘सायमंड्स’, म्हणजे घरं बांधणारी कंपनी. आणि २०१७ च्या अखेरीस ‘जीएमएचबीए’, म्हणजे १९३४ साली याच गावात सुरू झालेली आरोग्यविमा संस्था. तेल, मग कामगार, मग घरबांधणी, मग आरोग्यविमा. गाव कशावर जगतं, ते पाटीवर लिहिलेलं असतं. सरकारी आकाशवाणी एबीसी मात्र कुठल्याच कंपनीचं नाव घेत नाही. त्यांच्या समालोचनात हे आजही कार्डिनिया पार्कच.

या पाट्यांमागे बरीच पडझड आहे. १९९० मध्ये इथली पिरॅमिड नावाची पतसंस्था बुडाली. लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी व्हिक्टोरिया सरकारला पेट्रोलवर लिटरमागे तीन सेंट जादा कर लावावा लागला. २०१४ मध्ये पॉइंट हेन्रीचा अल्युमिनियमचा कारखाना बंद पडला, तो १९६३ पासून चालू होता. आणि ७ ऑक्टोबर २०१६ ला फोर्डने ऑस्ट्रेलियातलं उत्पादन थांबवलं. जिलाँगमध्ये इंजिनं आणि पत्र्याचे भाग बनायचे, ते बंद झालं. शेजाऱ्यांचा मुलगा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कंपनीत होता, तीही त्या सुमाराला मिटली. त्या वर्षी त्यांच्याकडचा नाताळ फार शांत गेला.

आणि नेमक्या याच काळात स्टेडियमचं बांधकाम जोरात चाललं होतं! २००५ मध्ये रेग हिकी स्टँड उभा राहिला, २०१० मध्ये आणखी एक, २०१३ मध्ये नवा स्टँड आणि प्रकाशझोताचे चार मनोरे, २०१७ मध्ये ब्राउनलो स्टँड. बहुतेक पैसा सरकारी तिजोरीतला. खरं सांगतो, मला राग यायचा. कारखाने जाताहेत आणि हे खुर्च्या कसल्या बसवतात? २०२४ मध्ये पूर्ण झालेल्या पाचव्या टप्प्याचा खर्च १४ कोटी २० लाख डॉलर, आणि त्यातला नवा स्टँड १४ हजार खुर्च्यांचा. इंजिनिअरचं डोकं, लगेच भागाकार केला. एका खुर्चीला दहा हजार डॉलरच्या वर. तेही क्लबचे इथे हंगामात आठ-नऊच सामने होत असताना.

हे गणित मी शेजाऱ्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "तुझा भागाकार बरोबर आहे. पण खुर्च्या नसल्या की काय होतं, ते २०१७ ला बघितलंस ना?"

त्याचं असं झालं. क्लबने २००७ मध्ये ४४ वर्षांनी विजेतेपद जिंकलं, तेही ११९ गुणांच्या विक्रमी फरकाने. पुढे २००९ आणि २०११ मध्येही जिंकलं. तरी बाद फेरीचे सामने घरच्या मैदानावर मिळायचे नाहीत. अपवाद २०१३ चा फ्रीमँटलविरुद्धचा सामना, आणि तो नेमका हरले. २०१७ मध्ये जिलाँग दुसऱ्या क्रमांकावर, रिचमंड तिसऱ्या. यजमानपद जिलाँगचं, पण सामना ठेवला मेलबर्नच्या एमसीजीवर, रिचमंडच्या अंगणात. ९५ हजारांवर प्रेक्षक आले. इथे त्यांच्या निम्मेही मावले नसते. लीगच्या बाजूने हिशोब चोख होता. जिलाँगकरांना मात्र आपण राजधानीचे पाहुणे असल्यासारखं वाटलं. कारखाने गेले, निदान मैदानावर तरी आपलं घर असावं, ही ती भावना.

मैदानाचा आकारही वेगळा आहे. लांबी १७० मीटर आणि रुंदी फक्त ११५. एमसीजीपेक्षा वीस मीटरहून जास्त अरुंद. मेलबर्नचे संघ इथे आले की गोंधळतात. क्रिकेटमध्ये तर बाजूच्या सीमारेषा अगदी जवळ येतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये इथे पहिला आंतरराष्ट्रीय टी-२० सामना झाला. असेला गुणरत्नेच्या नाबाद ८४ धावांच्या जोरावर श्रीलंकेने ऑस्ट्रेलियाला शेवटच्या चेंडूवर हरवलं. १६ ऑक्टोबर २०२२ ला टी-२० विश्वचषकाची सुरुवातच इथे झाली आणि पहिल्याच सामन्यात नामिबियाने त्याच श्रीलंकेला ५५ धावांनी लोळवलं. दोन दिवसांनी अमिरातीच्या कार्तिक मय्यप्पनने श्रीलंकेविरुद्ध हॅट-ट्रिक घेतली. चेन्नईत जन्मलेला, दुबईत वाढलेला मुलगा, जिलाँगच्या मैदानावर! परदेशातल्या माणसाला अशा वेळी उगाचच आपला कुणीतरी जिंकल्यासारखं वाटतं.

सॉकरचा वेस्टर्न युनायटेड संघही काही हंगाम इथे खेळला. २०१९ च्या फेब्रुवारीत जिलाँगच्या महिला संघाचा लीगमधला पहिला सामना झाला. कॉलिंगवुडवर एका गुणाने विजय, बघायला १८ हजारांवर माणसं. आपल्याला बोलावणं आलं नाही तरी गाव स्वतःच्या मैदानावर गर्दी करतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

निराशाही वाट्याला आलीच. २०२६ चे राष्ट्रकुल खेळ व्हिक्टोरियातल्या छोट्या शहरांत व्हायचे होते, त्यात जिलाँगही होतं. खर्चाचा अंदाज फुगत गेला आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने अंगच काढून घेतलं. यजमानपद पुढे ग्लासगोकडे गेलं.

२०२२ मध्ये क्लबने सिडनीला ८१ गुणांनी हरवून दहावं विजेतेपद घेतलं आणि कर्णधार जोएल सेलवुड निवृत्त झाला. नव्या स्टँडला त्याचंच नाव आहे. आता मैदानाची क्षमता ४० हजार. स्टँडना माणसांची नावं, मैदानाला कंपनीचं. माणसांची टिकतील, असं दिसतंय.

२०२४ च्या हंगामात शेजाऱ्यांना घेऊन गेलो. त्यांचा मुलगाही होता, तो आता गावातल्या एका सरकारी कार्यालयात कामाला लागलाय. शेजारी सावकाश बसले, खुर्चीच्या दांड्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "तर ही ती दहा हजारांची." मग मैदानाच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं. वडील उभे होते ती जागा तिथे होती. आता तिथे काँक्रीट आहे. ते बराच वेळ तिकडेच बघत होते. सामना सुरू झाल्यावर मात्र असे ओरडले की पुढच्या रांगेतल्या पोराने वळून पाहिलं.

परत येताना पाटीखालून गेलो. त्यांनी वर पाहिलं नाही. मीही नाही.