सोलर वॉटर हीटर बदलताय? आधी हे वरखर्च विचारून घ्या

गच्चीवरचा जुना सोलर गळायला लागला की दुकानदार नव्याची किंमत सांगतो. पण खर्च तेवढ्यावर थांबत नाही.

पाइप : गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप चालत नाही, नरम पडून वाकतो. सीपीव्हीसी किंवा जीआय लागतो. जुनी लाइन भिंतीतून गेली असेल तर टाइल्स फोडाव्या लागतात. गवंड्याची मजुरी वेगळी.

टाकी : साध्या, प्रेशर नसलेल्या सोलरला गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंचावर हवी. नवा सोलर उंच निघाला, तर पाण्याच्या टाकीचा कट्टा वाढवावा लागतो.

क्षार : बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार साचतो आणि पाणी नीट तापत नाही. खरेदीआधी पाणी तपासून घ्या. अशा पाण्याला हीट एक्स्चेंजरचा सोलर बरा, पण तो महाग पडतो.

गैरसोय : फोडकाम असेल तर दोन-तीन दिवस जातात. घरात बाळंतीण किंवा म्हातारं माणूस असेल तर बंब तयार ठेवा.

जुना सोलर उतरवण्याआधी पाइप, वाहतूक, फिटिंग, फोडकाम आणि जीएसटी सगळं कोटेशनवर लिहून घ्या. जुन्याच्या भंगाराचे पैसे कोणाचे, तेही तेव्हाच ठरवा. एकदा जुना खाली आला की घासाघीस करायला जागा राहत नाही.