चिनी विज्ञानकादंबरीचें आडनांव

चीनमध्यें १९७९ च्या सुमारास एक विलक्षण वाद माजला होता. विज्ञानकथेचें आडनांव कोणतें? 'शास्त्र' कीं 'वाङ्मय'? वादाचे शब्द खरोखरच असे होते. थट्टेनें ते आम्हीं रचलेले नाहींत. आडनांवावरून कुळ ठरावें आणि कुळावरून हक्क ठरावे, हा आपल्या परिचयाचा व्यवहार तिकडे एका साहित्यप्रकाराच्या वांट्यास आला, आणि कित्येकांची लेखणी चालू राहणें वा बंद पडणें त्या निवाड्यावर अवलंबून राहिलें. लिऊ त्सिशिन यांची 'त्रिपिंड' ही कादंबरी वाचून आम्हांस जो निर्भेळ आनंद झाला, त्याची मुळें शोधीत निघालों तों आम्ही या वादापाशीं येऊन पोंचलों.

मूळ मात्र याहून जुनें आहे. १९०३ सालीं लू शुन हा तरुण चिनी विद्यार्थी जपानांत शिकत होता. पुढें आधुनिक चिनी वाङ्मयाचा अध्वर्यु म्हणून त्याची कीर्ति झाली; पण त्या वर्षीं त्यानें ज्यूल व्हर्न याची पृथ्वीवरून चंद्राकडे जाण्याची कादंबरी जपानी भाषांतरावरून चिनींत आणिली. मूळ फ्रेंच ग्रंथकार हा चार्ल्स नांवाचा अमेरिकन पंडित आहे, अशी बिचाऱ्याची समजूत होती! २८ प्रकरणांचीं त्यानें १४ केलीं, आणि प्रस्तावनेंत आपला हेतु सांगितला तो असा कीं, रूक्ष शास्त्र वाचतांना सामान्य माणसास डुलकी येते, तेंच गोष्टीच्या वेषांत आलें तर नकळत डोक्यांत शिरतें. कडू औषध गुळांतून देण्यापैकींच हा प्रकार. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्याच कादंबरीचें मराठी रूपांतर 'केरळकोकिळ' मासिकांतून क्रमशः येत होतें. म्हणजे ही मात्रा दोन्ही देशांत जवळजवळ एकाच वेळीं उगाळली जात होती.

परंतु औषध म्हणून घरांत आलेल्या वस्तूस कोणी गोडीसाठीं हात लावला तर वडीलधारे रागावणारच. चीनमध्यें पुढें विज्ञानकथेची गणना बालबोध शास्त्रप्रसारांत होऊं लागली. सांस्कृतिक क्रांतीच्या दशकानंतर १९७८ सालीं ये योंगलिए यांचें मुलांसाठीं लिहिलेलें भविष्यकाळाचें प्रवासवर्णन अफाट खपलें, त्याच वर्षीं तोंग एनझेंग यांची प्रवाळबेटावरील मृत्युकिरणांची कथा एका प्रतिष्ठित वाङ्मयीन मासिकांत आली. तोंग हे सिचुआन विद्यापीठांतील पुरातत्त्वज्ञ. त्यांनीं १९७९ मध्यें स्पष्ट लिहिलें कीं, असल्या कथेचें काम विशिष्ट शास्त्रीय ज्ञान शिकविणें हें नव्हे. झालें! शास्त्रज्ञांनीं चुका काढाव्या, टीकाकारांनीं हेतूविषयीं शंका घ्यावी, आणि १९८३ च्या 'आत्मिक प्रदूषणा'विरुद्धच्या मोहिमेंत या प्रकारच्या लेखनाचा जवळजवळ गळाच दाबला जावा, असा क्रम लागला.

आमच्याकडे १९७४ मध्यें जयंत नारळीकर यांनीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नांवानें आपली 'कृष्णविवर' ही कथा धाडली व पहिलें बक्षीस मिळविलें. शास्त्राची ओळख लोकांस व्हावी ही दृष्टि त्यांचीही होती. पण तीवांचून कथा लिहिण्यास मज्जाव मात्र कोणी केला नव्हता. हा फरक थोडा नव्हे.

त्या काळांत चीनमध्यें जीं थोडीं नियतकालिकें तगलीं, त्यांत चेंग्दू येथील १९७९ सालीं निघालेलें एक मासिक होतें. त्याच्या संपादिका यांग श्याव यांनीं मुलांचीं पुस्तकें छापून तें जगविलें. १९९० मध्यें परदेशी लेखकांची परिषद आपल्या गांवीं भरावी अशी विनंती करण्यास त्या हेगला गेल्या, त्या विमानाचें भाडें परवडेना म्हणून आगगाडीनें, आठ दिवसांचा प्रवास करून! दुसऱ्या वर्षीं परिषद चेंग्दूस भरली. पुढें १९९९ च्या जुलैमध्यें राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेंत निबंधाचा विषय आला, 'स्मृतीचें कलम करतां आलें तर?' नेमका हाच विषय त्या महिन्याच्या अंकांत होता. मुलांच्या हातून हें मासिक हिसकावून घेणारे आईबाप आतां तें विकत आणूं लागले. एका प्रश्नपत्रिकेनें जें साधलें तें वीस वर्षांच्या वादानें साधलें नाहीं. मात्र आनंदास परवानगी मिळाली ती पुन्हां उपयुक्ततेच्याच खिडकींतून, हें पाहून हंसूं येतें.

शान्शी प्रांतांतील एका वीजनिर्मितिकेंद्रांत संगणकाचें काम पाहणारे लिऊ त्सिशिन यांच्या कथा त्याच वर्षापासून या मासिकांत येऊं लागल्या. 'त्रिपिंड' २००६ मध्यें तेथेंच क्रमशः आली आणि २००८ मध्यें पुस्तकरूपानें निघाली. न्यूटननें दोन पिंडांच्या आकर्षणाचें गणित सोडविलें. तिसरा पिंड आला कीं आटोपशीर सर्वसाधारण सूत्र हातीं लागत नाहीं. ज्या ग्रहास तीन सूर्य आहेत तेथें उद्यां सकाळ उजाडेल कीं महिनोन् महिने रात्र राहील हें कोण सांगणार? तेथील लोक संकटकाळीं अंगांतील पाणी काढून कातड्यासारखे गुंडाळून ठेविले जातात आणि बरे दिवस आले कीं भिजवून पुन्हां उभे केले जातात. गणित करण्यासाठीं सम्राटाच्या ३ कोटि सैनिकांना काळीं-पांढरीं निशाणें देऊन मैदानावर एक जिवंत संगणक उभा करतात तो प्रसंग वाचतांना, वयाचा विसर पडून आम्ही मोठ्यानें हंसलों हें कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. यांतून शास्त्र किती शिकलों? फारसें नाहीं. पात्रें पुष्कळशीं लांकडी आहेत, हाही आक्षेप आम्हांस मान्य आहे.

तरी एक पात्र लांकडी नाहीं. १९६७ मध्यें आपल्या प्राध्यापक वडिलांस लाल रक्षकांनीं मारून टाकिलेलें ये वेन्जिए ही मुलगी डोळ्यांनीं पाहते, आणि पुढें परग्रहावरून 'उत्तर देऊं नका' असा इशारा आला असतां उत्तर देते. चिनी पुस्तकांत हा प्रसंग मधल्या भागांत दडविला आहे. केन लिऊ यांनीं २०१४ च्या इंग्रजी भाषांतरांत तो लेखकाच्या संमतीनें आरंभीं आणला. लेखकाचा मूळ बेतही तोच होता. त्या भाषांतरास २०१५ मध्यें ह्यूगो पारितोषिक मिळालें. आम्हीं प्रथम इंग्रजी क्रमानें वाचली, नंतर पानें मागेंपुढें करून चिनी क्रमानें. त्या दुसऱ्या वाचनांत ती स्त्री आम्हांस पहिल्यानें भेटली ती शेजाऱ्यांचीं मुलें सांभाळणारी एक वृद्ध, शांत आजीबाई म्हणून.