मालक नाही, तरी पीएफ: माथाडी कायद्याची गोष्ट

डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला ॲप 'पार्टनर' म्हणतं. पार्टनर म्हणजे नोकर नाही. नोकर नाही म्हणजे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही. एका शब्दात सगळं उडालं! आपल्याला वाटतं ही भानगड स्मार्टफोनबरोबर आली. पण मुंबईच्या मशीद बंदरात साठ वर्षांपूर्वी हेच चालू होतं, फक्त पाठीवर बॅगेऐवजी पोतं होतं. त्या लोकांनी यातून जो रस्ता काढला, तो आज बघूया.

माथाडी म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा. सातारा, सांगली, जुन्नर-आंबेगावकडची ही माणसं मुंबईत टोळीने काम करायची. सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक उतरवायचा, दुपारी दुसऱ्याचं गोदाम भरायचं. पैसे पोत्यामागे किंवा नगामागे. आता सांगा, यांचा मालक कोण? व्यापारी म्हणणार, माझा नोकर नाही, माल उतरवला, हमाली दिली, विषय संपला. १९५२ चा पीएफ कायदाही कामाला येत नव्हता, कारण तो आस्थापना धरून चालतो आणि तिथे किमान माणसं किती हेही बघतो. व्यापाऱ्याच्या पेढीवर असायचा एखादा मेहता नि दोन-चार गुमास्ते. शंभर व्यापाऱ्यांचं ओझं वाहणारा माणूस कुणाच्याच हजेरीपटावर नव्हता.

मान मोडली, कंबर गेली, की गावाकडची एसटी. म्हातारपणाची सोय एवढीच.

पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची युनियन बांधली. इकडे पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत उभी राहिली होती. मोर्चे, संप बरेच झाले. शेवटी वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ मध्ये माथाडी कायदा आला.

आता यातली खरी गंमत ऐका. 'हा कामगार अमक्याचा नोकर आहे' हे सिद्ध करायच्या फंदात हा कायदा पडलाच नाही. त्याने 'असंरक्षित कामगार' असा शब्द आणला, म्हणजे बाकीच्या कायद्यांचं पुरेसं संरक्षण ज्याला मिळत नाही असा अंगमेहनती. आणि मध्ये एक मंडळ बसवलं. किराणा बाजाराचं वेगळं, लोखंडाचं वेगळं. मंडळावर कामगार आणि व्यापारी यांचे सारखे प्रतिनिधी, शिवाय सरकारची माणसं. व्यापाऱ्याने नोंदणी करायची, कामगारानेही करायची. मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही द्यायची. त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा, दवापाणी. महिन्यात पन्नास दुकानांचा माल उचलला तरी खातं एकच! मालक एक नसेल तर सगळे मिळून मालक, असा हिशेब.

अजून एक गोष्ट, जी मला पीएफइतकीच मोठी वाटते. नोंदलेल्या माणसावर कारवाई करायची तर ती मंडळाच्या नियमाने. शेटजींचं डोकं फिरलं म्हणून उद्यापासून येऊ नकोस, असं चालत नाही. आयडी ब्लॉक झाला की काय होतं, हे ज्याने भोगलंय त्याला याची किंमत कळेल.

सगळं गोड होतं असं नाही. पीएफ म्हणजे एकरकमी पैसा, महिन्याची पेन्शन नव्हे. पुढे माथाडीच्या नावावर कंपन्यांकडून खंडणी उकळणारेही निघाले, आणि त्यात खऱ्या माथाड्याचं नाव खराब झालं.

आता आजचं. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात गिग कामगार हा शब्द पहिल्यांदा केंद्राच्या कायद्यात आला, पण त्याची व्याख्याच मालक-नोकर नात्याच्या बाहेरचा अशी आहे. कंपनीने वर्षाच्या उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायचे, तेही कामगारांना दिलेल्या पैशांच्या ५ टक्क्यांपर्यंतच. योजनांच्या यादीत वृद्धापकाळाचं संरक्षण आहे, पण भाषा 'योजना करता येतील' अशी. तुमच्या नावाचं पीएफ खातं हमखास उघडेल असं त्यात लिहिलेलं नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये मात्र मंडळ, नोंदणी आणि प्रत्येक व्यवहारामागे शुल्क अशी रचना केली. ओळखीची वाटते ना?

आणि एक फरक विसरू नका. माथाडी एका बाजारात, एका टोळीत, एका खोलीत राहायचे. संप करायचा तर निरोप अर्ध्या तासात पोचायचा. आजचा डिलिव्हरीवाला सिग्नलला शेजारी उभा असलेल्याचं नाव विचारेपर्यंत पुढची ऑर्डर वाजते. नीती आयोगाच्या अंदाजाने २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते. त्यांची टोळी अजून बनायची आहे.