उडालेली लाली आणि भरलेली वही

हळदीचा डाग साबणाने हटत नाही, पण तोच पदर उन्हात वाळत घातला की उडून जातो. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या नामवंत चित्रकाराची मात्र अशाच उडणाऱ्या रंगाने फजिती केली.

त्याचं नाव जोशुआ रेनॉल्ड्स. 1768 साली तिथे रॉयल अकॅडमी निघाली, तिचा हा पहिला अध्यक्ष. (तिच्या संस्थापकांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन बायका होत्या. त्यानंतर पूर्ण सदस्य म्हणून बाई निवडली जायला 1936 साल उजाडलं!) समोर माणूस बसवून त्याचं तैलचित्र काढायचं, हा रेनॉल्ड्सचा धंदा. पूर्णाकृती चित्राला 1764 पासून तो 150 गिनी घ्यायचा. मोठीच रक्कम होती ती.

तैलरंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेली रंगाची पूड. जवसाचं तेल शेंगदाण्याच्या तेलासारखं ओलं राहत नाही. हवा लागली की हळूहळू घट्ट होतं. एवढ्यावर काम भागत होतं. पण रेनॉल्ड्सला जुन्या इटालियन चित्रांची झळाळी हवी होती. मग त्याने रंगात मेण घालून पाहिलं, राळ घातली, अंडंसुद्धा घातलं. गडद सावलीसाठी डांबराच्या जातीचा पदार्थ घेतला. तो धड वाळतच नाही. खालचा थर ओला असताना वर गिलावा चढवला तर भिंतीचं काय होतं, ते आपण पाहिलेलंच आहे. त्याच्या चित्रांनाही तशाच भेगा पडल्या.

गालांच्या लालीसाठी त्याने किरमिजी वापरला. निवडुंगावरच्या किड्यांपासून निघणारा हा रंग सुंदर, पण उजेडात टिकत नाही. काही वर्षांतच चित्रातले चेहरे पांढरेफटक दिसू लागले. माणूस जिवंत आणि त्याचं चित्र आधीच आजारी! पुढे त्याने टिकाऊ हिंगूळ वापरायला घेतला.

नवं करून बघायला माझी ना नाही. पण पापडाच्या पिठात नवं काही घालायचं, तर आमच्या गटात आधी घरच्या चार पापडांवर बघतो, ऑर्डरच्या मालावर नाही. रेनॉल्ड्सचे प्रयोग गिऱ्हाइकाने पैसे मोजलेल्या चित्रावरच चालायचे. हे मला पटत नाही.

एक गोष्ट मात्र त्याची घेण्यासारखी. कोणत्या चित्रात काय घातलं, हे तो मोडक्यातोडक्या इटालियन भाषेत वहीत टिपून ठेवायचा. चित्रं दुरुस्त करणाऱ्यांना आज त्या नोंदींचा उपयोग होतो. लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात 2015 साली त्याच्या प्रयोगांवरच प्रदर्शन भरलं होतं. तिथेच नेली ओब्रायन नावाच्या बाईचं त्याने काढलेलं चित्र आहे. डोक्यावर टोपी, मांडीवर छोटं कुत्रं, आणि नजर थेट आपल्याकडे.